ल्यूथर सांगायचा तर पूर्ण सांगा

प्रबोधन शिबिर असो, जयंतीचे व्याख्यान असो की समाजमाध्यमांवरचा वाद असो, आपले कार्यकर्ते एक वाक्य हमखास टाकतात. युरोपात मार्टिन ल्यूथर झाला म्हणून युरोप पुढे गेला, आपल्याकडे ल्यूथर झाला नाही म्हणून आपण मागे राहिलो. वाक्य सुटसुटीत आहे, टाळ्याही पडतात. आम्हीही ते अनेकदा बोललो आहोत. पण नंतर तो इतिहास थोडा खोलात जाऊन वाचला आणि लक्षात आले की आपण अर्धाच ल्यूथर सांगत होतो. उरलेला अर्धा आपल्या चळवळीसाठी जास्त महत्त्वाचा आहे.

या वाक्याला आधार नाही असे नाही. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी १९३६ साली भाषण लिहिले. ते भाषण होऊ दिले गेले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. तेच ‘जातिप्रथेचे विध्वंसन’. आधी राजकीय स्वातंत्र्य, सामाजिक सुधारणा नंतर पाहू, असे म्हणणाऱ्यांना उत्तर देताना त्यांनी युरोपचा दाखला दिला: ल्यूथरच्या धर्मसुधारणेने युरोपियन लोकांच्या राजकीय मुक्तीची वाट मोकळी केली आणि इंग्लंडमध्ये प्युरिटन पंथाने राजकीय स्वातंत्र्य आणले. आधी माणसाच्या मनाची आणि आत्म्याची सुटका, मग राज्याची, हा त्यांचा मुद्दा होता. तो मुद्दा आजही आम्हाला मान्य आहे. प्रश्न असा आहे की मनाची सुटका झाल्यावर पुढचे पाऊल आपोआप पडते का? जर्मनीच्या शेतकऱ्यांनी १५२५ साली हाच प्रश्न विचारला होता. त्याची किंमत त्यांनी रक्ताने मोजली.

चर्च सत्तेवर कसे आले?

ख्रिस्ती धर्माची सुरुवात सत्तेच्या सावलीत झालेली नाही. रोमन साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, कोळी, कारागीर, गुलाम, स्त्रिया यांच्यात तो रुजला. ज्या येशूला रोमन सत्तेने क्रूसावर चढवले, त्याच्याच नावाने पुढे साम्राज्य चालले. ३१३ साली कॉन्स्टंटाइनच्या काळात या धर्माला मोकळीक मिळाली आणि ३८० साली सम्राट थिओडोसिअसने त्याला राज्याचा धर्म केले. छळ सोसणाऱ्यांचा धर्म सात दशकांत राजदरबाराचा धर्म झाला.

पुढच्या हजार वर्षांत पश्चिम युरोपात चर्च हा सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी एक बनला. शेतकऱ्याच्या पिकाचा दहावा हिस्सा चर्चचा. ग्रंथ लॅटिनमध्ये, प्रार्थना लॅटिनमध्ये आणि लॅटिन सामान्य माणसाला येत नाही. जन्म, लग्न, मरण, पाप, पुण्य, सगळीकडे मध्ये पुरोहित उभा. ज्यांच्या पूर्वजांच्या कानावर वेद पडणे हा अपराध होता, त्या आपल्याला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच की तिथला पुरोहित जन्माने ठरत नव्हता. शेतकऱ्याचा मुलगाही पाद्री होऊ शकत होता. हा फरक लहान नाही, तो विसरून तुलना करू नये.

ग्रंथ लोकांच्या भाषेत आणण्याचा प्रयत्न ल्यूथरच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी झाला होता. इंग्लंडमध्ये जॉन विक्लिफ याने चर्चच्या संपत्तीवर हल्ला चढवला आणि बायबल इंग्रजीत आणण्याला चालना दिली. तो १३८४ साली वारला. चर्चचा राग एवढा की १४२८ साली त्याची हाडे कबरीतून उकरून जाळण्यात आली. बोहेमियाचा जान हुस त्याच वाटेने गेला. सम्राटाने संरक्षणाची हमी देऊन त्याला कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेत बोलावले आणि ६ जुलै १४१५ रोजी तिथेच त्याला जिवंत जाळले.

पापाचा बाजार

मग ल्यूथर कसा वाचला? याचे उत्तर नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा इतिहास त्यात आहे.

विटेनबर्गच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या या साधूने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ९५ मुद्दे मांडले. निमित्त होते पापक्षमापत्रांच्या विक्रीचे. पैसे भरा, पत्र घ्या, मेल्यानंतर भोगायची शिक्षा माफ. मेलेल्या आईबापांसाठीही पत्र विकत घेता येत होते. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक गावोगाव ही विक्री करत होता. लोकांना सांगितले जात होते की पैसा रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी आहे. प्रत्यक्षात अर्धा पैसा फुगर नावाच्या सावकारी पेढीकडे जात होता. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्त याने एकाहून अधिक धर्मपीठे स्वतःकडे ठेवण्याची परवानगी पोपकडून मिळवली होती आणि त्यासाठी फुगरांकडून कर्ज काढले होते. ते कर्ज गरिबाच्या पापाच्या भीतीतून फेडले जात होते. धर्म, सत्ता आणि सावकार एकाच पेटीत हात घालून बसले होते.

ल्यूथरने त्या पेटीवर लाथ मारली. १५२० साली त्याने लिहिले की बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक ख्रिस्ती माणूस पुरोहितच आहे, देव आणि माणूस यांच्यामध्ये वेगळ्या पवित्र वर्गाची गरज नाही. त्याच डिसेंबरात त्याने पोपचा हुकूमनामा जाहीरपणे जाळला. १५२१ साली वर्म्सच्या सभेत सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्याने माघार घ्यायला नकार दिला. १५२२ साली त्याने जर्मन भाषेतला नवा करार लोकांच्या हातात ठेवला, १५३४ साली संपूर्ण बायबल. छापखाना येऊन तेव्हा पाऊणशे वर्षे होत आली होती, त्यामुळे जे हुसच्या काळात हस्तलिखितांतून फिरायचे ते आता हजारो प्रतींतून बाजारात आले. हा पराक्रम मोठा आहे. तो कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही.

पण ल्यूथर जिवंत राहिला तो सॅक्सनीचा संस्थानिक फ्रेडरिक याने त्याला वार्टबर्गच्या किल्ल्यात लपवले म्हणून. जर्मन संस्थानिकांना रोमकडे जाणारा पैसा डाचत होता आणि सम्राटाचे वर्चस्वही नको होते. ल्यूथर त्यांच्या सोयीचा होता. हुसच्या मागे असा हात त्या दिवशी नव्हता. आपल्या भाषणांतला ल्यूथर इथे संपतो. खरा ल्यूथर इथून पुढे सुरू होतो.

मेमिंगेनची बारा कलमे

पुरोहित नको, ग्रंथ प्रत्येकाने वाचावा, ख्रिस्ती माणूस स्वतंत्र आहे, हे शब्द विद्यापीठातून गावात पोचले तेव्हा शेतकऱ्याने ते आपल्या आयुष्याला लावून पाहिले. तेव्हा दक्षिण जर्मनीतले असंख्य शेतकरी भूदास होते. मालकाच्या परवानगीशिवाय लग्न नाही, गाव सोडणे नाही. मालकाच्या शेतावर वेठ. जंगल मालकाचे, नदीतला मासा मालकाचा. घरचा कर्ता माणूस मेला की विधवेच्या आणि पोरांच्या दावणीचे सर्वांत चांगले जनावर मालक घेऊन जायचा. दुःखाच्या दिवशी दारात सांत्वनाला नव्हे, वसुलीला माणूस यायचा.

१५२४ साली उठाव सुरू झाला. मार्च १५२५ मध्ये मेमिंगेन गावी शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनी बारा कलमांचे मागणीपत्र तयार केले. ते शब्दांत मांडणाऱ्यांत सेबास्टियन लोट्झर हा कातडी-फरचे काम करणारा कारागीर होता आणि क्रिस्टोफ शापेलर हा धर्मोपदेशक. काही आठवड्यांत त्याच्या हजारो प्रती जर्मनीभर पसरल्या.

ही कलमे प्रत्येक आंबेडकरी तरुणाने वाचावीत. पहिले कलम: आमचा पाद्री आम्ही निवडू आणि तो नीट वागला नाही तर काढूही. दुसरे: धान्याचा दशांश देऊ, पण तो पाद्र्याच्या पोटाला आणि गावातल्या गरिबांना मिळाला पाहिजे, जनावरांवरचा दशांश देणार नाही. तिसरे: ख्रिस्ताने आपल्या रक्ताने सर्वांना सोडवले, गुराख्याला आणि सरदाराला सारखेच, म्हणून आम्ही कुणाची मालमत्ता नाही. चौथे शिकारीचे आणि वाहत्या पाण्यातल्या माशांचे. पाचवे जंगलातल्या लाकडाचे. पुढे वेठ, खंड, मनमानी शिक्षा, गावच्या बळकावलेल्या गायरानांची परतफेड. अकरावे, मेलेल्याच्या घरची वसुली बंद करा. आणि बारावे: यातली कोणतीही मागणी ग्रंथाच्या विरुद्ध आहे असे दाखवून दिले तर ती आम्ही मागे घेऊ.

या मागण्यांत धर्म कुठे संपतो आणि पोट कुठे सुरू होते, हे सांगता येत नाही. पाद्री, पाणी, जंगल, जमीन, माणूसपण, सगळे एकाच कागदावर. ज्या पुरोहितशाहीने मन बांधले आणि ज्या सरंजामदाराने हातपाय बांधले, ते वेगळे नाहीत हे त्या शेतकऱ्यांना कळले होते.

ल्यूथरचे उत्तर

शेतकऱ्यांना वाटले, आपला माणूस आपल्या बाजूने उभा राहील. ल्यूथर स्वतःला शेतकऱ्याचा पोरगा म्हणवायचा. एप्रिल १५२५ मध्ये त्याने पहिले उत्तर लिहिले. त्यात संस्थानिकांना खडे बोल सुनावले, त्यांच्या जुलमामुळेच ही वेळ आली असे मान्य केले. पण तिसऱ्या कलमाला त्याने ठाम नकार दिला. ख्रिस्ताचे स्वातंत्र्य आत्म्याचे आहे, तुम्ही त्याला देहाचे बनवता, असे त्याचे म्हणणे. पुरावा कोणता दिला? अब्राहमाकडेही दास होते.

मित्रांनो, इथे थोडे थांबा. ज्या ग्रंथाच्या बळावर शेतकऱ्याने गुलामी नाकारली, त्याच ग्रंथातून ल्यूथरने गुलामी टिकवली. बारावे कलम शेतकऱ्यांच्या प्रामाणिकपणाचे होते, पण तेच त्यांचे दुबळे ठिकाण ठरले. आमची मुक्ती ग्रंथात बसत नसेल तर आम्ही ती मागे घेऊ, असे म्हटले की मुक्तीची किल्ली अर्थ लावणाऱ्याच्या हातात जाते. मग तो अर्थ लावणारा लॅटिन बोलणारा पोप असो की जर्मन बोलणारा ल्यूथर.

उठाव चिघळला. शेतकऱ्यांच्या हातूनही रक्त सांडले. एप्रिलमध्ये वाइन्सबर्ग येथे शरण आलेल्या सरदाराला आणि त्याच्या सोबत्यांना त्यांनी भाल्यांच्या रांगेतून पळवत मारले. हे लपवण्याचे कारण नाही. पण मे महिन्यात ल्यूथरने जे पुस्तक लिहिले त्यात न्यायाची भाषाच उरली नव्हती. बंडखोर शेतकऱ्यांना पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारा, उघडपणे किंवा लपून, जमेल तसे कापा, असे त्याने संस्थानिकांना सांगितले. त्यांच्या बाजूने लढताना जो मरेल तो हुतात्मा ठरेल, असेही सांगितले. १५ मे १५२५ रोजी फ्रांकेनहाउझेन येथे हजारो शेतकरी कापले गेले. त्यांच्यासोबत उभा राहिलेला धर्मोपदेशक थॉमस म्युंट्झर पकडला गेला, त्याचा छळ झाला आणि २७ मे रोजी त्याचे मुंडके उडवण्यात आले. संपूर्ण उठावात मारल्या गेलेल्यांचा इतिहासकारांचा अंदाज ७० हजार ते एक लाखापर्यंत जातो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच १५२५ साली प्रशियाच्या ड्यूकने ल्यूथरचा पंथ राज्याचा पंथ म्हणून स्वीकारला. त्या प्रशियात भूदासत्व रद्द करण्याचा हुकूम निघाला १८०७ साली. मधली २८२ वर्षे शेतकरी रविवारी आपल्या भाषेत प्रार्थना ऐकत होता आणि सोमवारी मालकाच्या शेतावर वेठ करत होता. १५४३ साली ल्यूथरने ज्यूंविरुद्ध जे विखारी पुस्तक लिहिले, त्यात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्याचा सल्ला आहे. चारशे वर्षांनी नाझींनी ते पुस्तक आनंदाने मिरवले.

दोन आक्षेप

यावर आपल्यातलेच काही म्हणतील: त्या काळाचा माणूस होता तो, संस्थानिकांना दुखावले असते तर हुससारखा जळाला असता. अगदी बरोबर. आमचाही मुद्दा तोच आहे. जो आश्रय देतो तोच चळवळीची हद्द आखतो. ज्याच्या किल्ल्यात राहून तुम्ही ग्रंथाचे भाषांतर करता, त्याच्या जमिनीबद्दल तुम्हाला बोलता येत नाही.

दुसरे काही डावीकडून म्हणतील: म्हणजे धर्मसुधारणा हा वरवरचा रंग, खरा प्रश्न जमिनीचा. एंगल्सने १८५० साली या युद्धावर पुस्तक लिहिले आणि त्यात धर्माची भाषा हा वर्गसंघर्षाचा पेहराव मानला. हेही आम्हाला पटत नाही. भूदास शेकडो वर्षे भुकेलाच होता, उठाव त्याआधीही झाले होते, पण एवढ्या मोठ्या मुलखात एकाच मागणीपत्राखाली तो उभा राहिला तो १५२५ मध्ये. मी कुणाची मालमत्ता नाही, हे म्हणण्याचे बळ त्याला नव्या धर्मविचाराने दिले. बाबासाहेबांचे विधान इथेच सिद्ध होते. मनाची सुटका आधी लागते. पण ती पुरेशी नाही, हेही इथेच सिद्ध होते.

इंग्लंडमध्येही तेच घडले. प्युरिटनांच्या सैन्याने राजाला हरवले आणि १६४७ साली पटनी येथे सैन्यात वाद झाला. लेव्हलर गटाचे म्हणणे, गरिबालाही मत हवे. क्रॉमवेल आणि त्याचा जावई आयर्टन यांचे म्हणणे, मालमत्ता नसलेल्याला मत दिले तर मालमत्ता धोक्यात येईल. १६४९ साली लेव्हलरांचे बंड मोडले गेले. इंग्लंडमधल्या सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळायला १९१८ साल उजाडले आणि स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८.

धर्मसुधारणेची चांगली फळेही मोजूया. ग्रंथ वाचायचा तर वाचता आले पाहिजे, म्हणून शाळा आल्या. स्कॉटलंडच्या सुधारकांनी १५६० साली गावोगावच्या चर्चसोबत शाळा असावी अशी योजना मांडली. त्याच परंपरेतले स्कॉटिश मिशनरी पुण्यात आले आणि १८४१ साली जोतीराव फुले त्यांच्या शाळेत दाखल झाले. पुढे जोतीरावांनी मिशनऱ्यांची शाळा घेतली, धर्मांतर घेतले नाही. स्वतःच्या बुद्धीने सार्वजनिक सत्यधर्म मांडला आणि त्यात कोणत्याही एका ग्रंथाला अखेरचा शब्द मानले नाही. मेमिंगेनच्या बाराव्या कलमातली अडचण त्यांनी ओळखली होती, असे आम्हाला वाटते.

१५५५ आणि १९५६

जर्मनीतला धर्माचा झगडा १५५५ साली ऑग्सबर्ग येथे तात्पुरता मिटला. तोडगा असा: ज्याचे राज्य त्याचा धर्म. संस्थानिक कॅथलिक तर प्रजा कॅथलिक, संस्थानिक ल्यूथरवादी तर प्रजा ल्यूथरवादी. पटत नसेल तर मालमत्ता विकून निघून जा. जो प्रवास एका माणसाच्या सद्सद्विवेकापासून सुरू झाला, तो राजाच्या मर्जीवर येऊन थांबला. आणि १६१८ ते १६४८ पुन्हा तीस वर्षे युरोप जळला.

आता १४ ऑक्टोबर १९५६ चे नागपूर आठवा. तिथे कोणी राजा नव्हता. कुणाच्या राज्याचा धर्म म्हणून कुणी धम्म घेतला नाही. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, सत्ता नव्हती, अशा लाखो माणसांनी स्वतः निर्णय घेतला. आणि त्याआधीची तीस वर्षे बाबासाहेबांनी कशात घालवली ते पाहा. मार्च १९२७ मध्ये महाडला पाणी. डिसेंबर १९२७ मध्ये तिथेच मनुस्मृतीचे दहन, म्हणजे ग्रंथ. १९२८ साली महार वतनाचे विधेयक, म्हणजे वेठ. १९३७ साली खोती निर्मूलनाचे विधेयक, म्हणजे जमीन. १९३६ च्या त्या भाषणात त्यांनी पुरोहिताची वंशपरंपरा मोडा, परीक्षा घ्या, सनद द्या, त्याला शिस्तभंगाची कारवाई लागू करा, असे सुचवले. म्हणजे जवळपास मेमिंगेनचे पहिले कलम. पण बारावे कलम त्यांनी उलटे केले. माणसाचा हक्क ग्रंथात बसत नसेल तर हक्क मागे घ्यायचा नाही, ग्रंथाचे प्रामाण्य सोडायचे. आणि तो हक्क संविधानात लिहून ठेवला, जिथे त्याला कुठल्या अब्राहमाचा दाखला देऊन नाकारता येत नाही.

म्हणून आपल्याकडे ल्यूथर झाला नाही, हे रडगाणे आता पुरे. ल्यूथर जिथे पाठ फिरवून उभा राहिला, तिथून आपली चळवळ पुढे गेली आहे. पण ती पुढे राहील याची खात्री कोणी द्यायची?

आज आपण विहारात वंदना म्हणतो, गायरानावर अतिक्रमण ठरवून आपल्याच माणसाची झोपडी पाडली जाते तेव्हा किती जण जातो? बाबासाहेबांचे खंड कपाटात आहेत, पण त्यांचा अर्थ सांगण्याचा मक्ता आपल्यातही काही मोजक्या तोंडांकडे जात नाही ना? कार्यक्रमाचा मंडप ज्या पुढाऱ्याच्या पैशाने उभा राहतो, त्याच्या गावातल्या अत्याचारावर त्या मंडपात कुणी बोलते का? हे प्रश्न आम्ही आधी स्वतःला विचारले आहेत. प्रत्येकाचे उत्तर अभिमानाने देता येईल असे नाही.

तेव्हा पुढच्या शिबिरात ल्यूथर सांगाल तेव्हा विटेनबर्गसोबत मेमिंगेनही सांगा. तारखा लक्षात ठेवायला सोप्या आहेत: १५१७ आणि १५२५. पहिल्या तारखेचा माणूस सर्वांना माहीत आहे. दुसऱ्या तारखेच्या माणसांपैकी बहुतेकांची नावेही उरली नाहीत. आपली नाळ त्यांच्याशी आहे.

जय भीम.